हे पत्र आवडीकडून वाचून घेऊ नये

गारखेडा, औरंगाबाद
१४ नोव्हेंबर १९८३

दादा,

द्वारकेचा नमस्कार. सगळ्यात आधी एक सांगते. हे पत्र आवडीकडून वाचून घेऊ नकोस. शाळेत जा, रामकिसन मास्तरांना एकट्याला गाठ आणि त्यांच्याकडून वाचून घे. तुझी लेक चौथीत आहे, तिला जोडाक्षरंसुद्धा येतात, म्हणून मुद्दाम लिहिते.

भाऊबीजेला दोन दिवस राहून आले, तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. मी तुला ओवाळत होते तेव्हा वहिनी भिंतीकडं तोंड करून बसली होती. मी म्हटलं, "ये की वहिनी." तर म्हणाली, "थांब, ते काय बोलतेत ते ऐकू दे आधी." भिंतीपलीकडं कुणीच नव्हतं. तू मान खाली घातलीस. आवडी मात्र हसली आणि मला म्हणाली, "आई गंमत करती, आत्या." दादा, दहा वर्षांची पोर पाहुण्यापुढं आईला सांभाळून घेत होती. भाकरी तिनंच केल्या. तिच्या मनगटावर तव्याचे तीन डाग आहेत. मी मोजले.

हा आजार आहे. करणी नाही, बाहेरचं नाही. देवऋषी आणू नकोस. ज्या वहिनीनं मला मेंढरांना खुणा करायच्या गेरूनं भिंतीवर अक्षरं काढून शिकवलं, तिच्या तोंडापुढं कुणी धूप धरलेला मला चालणार नाही. ती म्हणायची, "कागदावर खोटं लिहायचं नाय, द्वारके." म्हणून आज सगळं खरं लिहिते.

तुला आठवत असेल, हे पहिल्यांदा आवडीच्या बाळंतपणात झालं. पाचवी पुजली त्या दिवसापासून वहिनीची झोप गेली. लेकराला जवळ घेईना. "हे माझं नाय, बदललंय," म्हणायची. मी बारा वर्षांची होते. शेळीच्या दुधाचा बोळा मीच पाजायची. खरं सांगायचं तर आवडी आली आणि आपली वहिनी गेली, ती पुरती परत आलीच नाही. मधे बरी व्हायची, पण पहिल्यासारखी नाही. हे आवडीला जन्मात कळता कामा नये. आईला अशक्तपणा आहे, एवढंच तिला सांग. माझ्या सासूबाईंनाही मी तेवढंच सांगितलं आहे.

यंदा मेंढरं सांडू गड्याच्या हवाली करून घरी राहीन, असं तू कबूल केलं आहेस. त्यावर माझी सगळी भिस्त आहे. वहिनीला इथल्या दवाखान्यात दाखवू. आणि वस्तीवरची शाळा चौथीपर्यंतच आहे, तेव्हा जूनमध्ये आवडीला पाचवीसाठी माझ्याकडं पाठव. आमच्या घरात कुणाला काय विचारायचं ते मी बघते.

तुझी,
द्वारका


टेकडवस्ती, तालुका कन्नड
२७ नोव्हेंबर १९८३

द्वारके,

सोनाजीचा आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. मास्तरांनी वाचून दाखवलं. आवडी तेव्हा पाण्याला गेली होती. तिनं काही वाचलं नाही. हे उत्तर मात्र तिच्याकडून लिहून घेतो, कारण मास्तरांना वह्या तपासायच्या असतात. मी सांगतो तेवढंच ती लिहिते.

बानाबाईला अशक्तपणा आहे. दुसरं काही नाही. परवा तिनं दोन भाकरी केल्या. एक चांगली झाली. देवऋषी बोलावला नाही. मी मेंढरांमागं गेलो नाही. घरीच असतो. शेजारच्या सारजाबाई येऊन जाऊन असतात.

आवडीला जूनमध्ये पाठवायचं का ते जूनमध्ये बघू. ती गेली तर पाणी कोण आणणार, असं मला वाटतं. आवडीला काही वाटत नाही. तिला काही माहीत नाही.

तुझा दादा,
सोनाजी

आत्या, खाली जागा उरली म्हणून हे मी लिहिते, आवडी. माझा भागाकार झाला. तांबड्या शेळीच्या गळ्यातली घंटी मी काढून घेतली आहे. कशाला ते नाही सांगणार. एक विचारू का? मी तान्ही होते तेव्हा लई रडायचे का?


गारखेडा
१८ डिसेंबर १९८३

दादा,

तुझं पत्र वाचून दोन दिवस बरी झोपले. वहिनीनं भाकरी केली हे मी आमच्या ह्यांनाही सांगितलं. ते चितेगावच्या कारखान्यातून पाळी संपवून आले होते, तसेच चहा न घेता म्हणाले, "बघ, उगीच जिवाला लावून घेतेस."

हेही पत्र मास्तरांकडूनच वाचून घे. यात जास्त आहे.

मी दाढेचं निमित्त सांगून इथल्या घाटी दवाखान्यात जाऊन आले. केसपेपर काढून मनाच्या डॉक्टरीणबाईंपुढं बसले. सगळं सांगितलं. मला वाटलं गोळ्यांचं विचारतील. त्यांनी विचारलं, "घरात लेकरू आहे का?" म्हटलं, आहे, दहा वर्षांचं. "त्याला काय सांगितलंय?" मी जरा ताठ होऊनच म्हटलं, "काहीसुद्धा नाही. कळूच दिलं नाही." बाई म्हणाल्या, "मोठ्यांनी सांगितलं नाही तर पोरं स्वतःच उत्तर शोधतात. आणि शोधून शोधून एकच उत्तर काढतात, माझ्यामुळंच झालं."

तेव्हा दादा, माझं आधीचं म्हणणं चूक होतं. आवडीला जवळ बसव आणि सांग. आईला आजार आहे, जसा अंगाचा असतो तसा हा मनाचा. तो कुणी लावला नाही. तू काही केलंस म्हणून आला नाही आणि तू कितीही काम केलंस तरी तेवढ्यानं जायचा नाही. आईला सांभाळणं मोठ्यांचं काम आहे. तू शाळेत जा, खेळ. आणि आईचा राग आला तरी तू वाईट होत नाहीस. बाईंनी हे सगळं सांगितलं, मी तिथंच केसपेपरच्या पाठीवर लिहून घेतलं. बाळंतपणाचं मात्र बोलू नकोस. ते आपल्या दोघांतच राहू दे.

आवडीला सांग, हो गं, इतकी रडायचीस की सगळी वस्ती जागी ठेवायचीस. घंटीचं गुपित मला कळलं पाहिजे.

द्वारका


टेकडवस्ती
९ जानेवारी १९८४

द्वारके,

आशीर्वाद. पत्र मास्तरांनी वाचलं. तू सांगितलंस तसं मी आवडीला जवळ बसवलं आणि सगळं सांगितलं. कुणी लावला नाही, तू केला नाही, तू शाळेत जा. ती म्हणाली, बरं.

बानाबाई आता बोलते. जास्त करून दुसऱ्यांशी बोलते. भिंतीवरची गेरूची अक्षरं तिनं शेणानं सारवून टाकली. म्हणाली, ती बघतेत. फक्त कोपऱ्यातला ज्ञ राहिला, तिथं तिचा हात पोचला नाही.

एक विचारायचं होतं. बाळंतपणात आलेला आजार ते लेकरू दूर गेलं तर जातो का? हे मी विचारतो. आवडी विचारत नाही.

सोनाजी


गारखेडा
२२ जानेवारी १९८४

दादा,

घाईत लिहिते, मी शिकवते त्या बालवाडीची पोरं सोडून आले आहे. (हेही मास्तरांकडूनच.)

लेकरू दूर गेल्यानं आजार जातो की नाही ते मला ठाऊक नाही, डॉक्टरीणबाईंना विचारीन. पण तू हे विचारलंस म्हणजे आवडीला पाठवायचा विचार तुझ्या मनात आला, हे बघून जीव भांड्यात पडला. पाठवच. ती तिथून हलली तर सगळ्यांनाच बरं पडेल, वहिनीलाही. सासूबाईंशी अजून बोलले नाही. त्यांना खरं सांगायचं की पुन्हा अशक्तपणाच सांगायचा, याचा रोज विचार करते आणि रोज उद्यावर टाकते.

द्वारका


जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, टेकडवस्ती
२६ फेब्रुवारी १९८४

सौ. द्वारकाताई यांना रामकिसन मास्तरांचा नमस्कार.

तुम्ही मला ओळखता. तुम्ही सातवीला बाहेरून बसलात तेव्हा फॉर्म मी भरला होता. एक गोष्ट कळवणं माझं कर्तव्य आहे आणि ती कळवायला मला उशीर झाला, याची आधी माफी मागतो.

आवडा तीन आठवडे शाळेत नाही. आजारी असेल म्हणून आठ दिवस सोडले. निरोप पाठवले. काल स्वतः घरी गेलो. सोनाजी घरी नाही. तो भाऊबीजेनंतर चौथ्याच दिवशी मेंढरं घेऊन गंगथडीला, गोदावरीकाठी, गेला. सांडूला एकट्याला दीडशे मेंढरं आवरणार नव्हती. महिन्याकाठी एकदा दाणे टाकून जातो. घरात आवडा आणि तिची आई, दोघीच.

पोरगी ओट्यावर चौथीचं पुस्तक घेऊन बसली होती. आतून शेळीच्या घंटीचा आवाज आला की वाचायचं थांबवायची, कान द्यायची, पुन्हा वाचायची. मी म्हटलं, "शेळी आत कशाला बांधलीस गं?" ती म्हणाली, "शेळी नाय, सर. आई आहे."

मी म्हटलं, तुझ्या आत्याला पत्र घालतो. त्यावर तिनं मला शांतपणे सांगितलं, "आत्याला मीच लिहिते. बापूच्या नावानं."

ताई, तुमचं एकही पत्र मी वाचलेलं नाही. ती माझ्याकडं कुणी आणलीच नाहीत. टपालवाला वस्ती चढत नाही, सगळं टपाल शाळेत टाकतो आणि मी ते ज्याच्या त्याच्या घरच्या पोराच्या हाती देतो. वर्षानुवर्षं असंच चाललं आहे. तुमची तिन्ही निळी पत्रं माझ्याच हातानं मी आवडाला दिली. देताना म्हणालोसुद्धा, "मोठ्यानं वाचून दाखव बरं बापूला."

एप्रिलमध्ये तिची चौथीची परीक्षा आहे. मी ओट्यावर बसून घेईन, ती चिंता नको. सारजाबाई रोज दोन तास येऊन बसायला तयार आहेत. म्हणाल्या, "पोरीनं कधी सांगितलंच नाय हो, मास्तर. विचारलं की म्हणायची, आई झोपलीय." बाकीचं माझ्या हातातलं नाही.

आपला,
रामकिसन मास्तर


गारखेडा
२ मार्च १९८४

आवडी,

पत्रावर तुझं नाव मी पहिल्यांदाच लिहिते आहे.

मी रागावले नाही. तू खोटं लिहिलंस असं मी म्हणणार नाही. आधी माझी चूक सांगते. हे पत्र आवडीकडून वाचून घेऊ नकोस, असं मी पत्रातच लिहिलं. ते आधी वाचणार कोण, हा विचार मला सुचला नाही. मला तर तो सुचायलाच हवा होता. तुझी आई पहिल्यांदा आजारी पडली, त्यानंतर घरातली सगळी पत्रं मीच वाचायची. तुझ्या आजोळहून एक पत्र आलं होतं, त्यात लिहिलं होतं, द्वारकीसमोर हे बोलू नका, लहान आहे. ते मीच दादाला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. आणि मोठी झाल्यावर मी विसरले.

पहिल्या पत्रात मी तुझ्या जन्माबद्दल जे लिहिलं ते तू वाचलंस, हे मला कळलं. गेले दोन दिवस मी ते वाक्य मनात उलटंपालटं करते आहे. ते परत घेता येत नाही.

मला सगळं खरं लिही. बापूच्या नावानं नाही, तुझ्या. मी बापूला गंगथडीला निरोप धाडला आहे आणि घरात बोलून मी येते.

आत्या


टेकडवस्ती
११ मार्च १९८४

आत्यास आवडीचा नमस्कार.

सर म्हणतात पत्रात 'पत्रास कारण की' लिहायचं. कारण तू विचारलंस, हेच आहे.

बापू जाताना म्हणाला, "आत्याला सांगू नको, ती उगं धावत येईल, तिच्या सासरी बोलणी बसतील. तू शहाणी हायस." म्हणून मी सांगितलं नाही. तू म्हणालीस मास्तरांकडून वाच. पण पत्र मी फोडलं होतं आणि पहिल्याच ओळीत ते होतं. सरांकडं नेलं असतं तर सरांना सगळं कळलं असतं. मग मी आईच्या शेजारी बसून वाचलं, मनात.

घंटी आईच्या पदराला बांधते. पाण्याला गेले की कुठं आहे ते कळतं. विहिरीकडच्या अंगाला वाजली की मी घागर टाकून पळते. आईला घंटीचा राग येतो. मला म्हणते, "मला मेंढरू केलंस व्हय गं?" कधी कधी स्वतःच हलवून हसते.

तू लिहिलंस की मी हलले तर सगळ्यांना बरं पडेल, आईलाही. म्हणून मी करून बघितलं. चार दिवस सारजाबाईच्या घरी झोपले. सांगितलं, आमच्या घरात उंदीर झालेत. घंटी पण सोडवून आणली. मी नाही तर माझी घंटी पण नको, असं वाटलं. तीन दिवस लांबून बघत होते. आई जेवली पण, एकदा केस विंचरले. मला वाटलं खरंच आहे. चौथ्या दिवशी सकाळी आई विहिरीच्या कठड्यावर पाय आत सोडून बसली होती. मी काही ओरडले नाही. मागून जाऊन पदर धरला. आई म्हणाली, "कुठं गेलती गं तू? मी तुला आतमधी हुडकत होते."

म्हणून शाळेत जात नाही. आणि म्हणून मी तुझ्याकडं येणार नाही. दूर गेलं की बरं होतं हे खोटं निघालं.

तुझी,
आवडा


गारखेडा
२० मे १९८४

आवडी,

आईला घाटीत दाखवायला आपण सगळे मिळून कन्नडहून एसटीनं आलो, त्याला आता महिना होईल. खिडकीशी तू आईचा हात धरून बसली होतीस, बापू पुढच्या बाकावर डोकं टेकून. मला सारखं वाटत होतं की त्याला काही बोलावं. त्याचे पाय बघितले, भेगा बघितल्या, आणि बोलले नाही. त्याला बायको सांभाळता येत नाही असं नाही. त्याला दीडशे मेंढरंही सांभाळायची आहेत, आणि दोन्हीकडं एकदम राहता येत नाही.

डॉक्टरीणबाईंनी तुला वेगळं बसवून विचारलं, "तुला काय वाटतं?" तेव्हा तू म्हणालीस, "मला काय नाय वाटत. आईला झोप लागू द्या." मी दाराशी होते. ऐकलं.

आता गोळ्या सुरू आहेत. बाईंनी बजावलं आहे की त्या मोजून द्यायचं काम मोठ्यांचं आहे, तुझं नाही. सारजाबाईला खुणा करून दिल्या आहेत, सकाळच्या पुडीवर सूर्य, रात्रीच्या पुडीवर चंद्र. बापू दिवाळीपर्यंत घरी आहे, त्यानं बाईंपुढं कबूल केलं. तुझी परीक्षा झाली. सरांनी निकाल कळवला, चौथीत पहिली. मी पेढे आणले.

त्या पेढ्यांवरूनच सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "लग्न जमवताना पोटात ठेवलंत. दाढ दुखती म्हणून दवाखान्यात गेलीस. अशक्तपणा म्हणं! मला येडी समजलीस का?" दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. शेजारच्या बाईला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ह्यांच्या घरी भिंतीबी बोलतेत." मी ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी पत्र्याच्या खोलीतली धान्याची कोठी त्यांनी स्वतः ओढून बाजूला केली आणि तिथं गोधडी टाकली. म्हणाल्या, "पोरीला आण. आईचं लेकराला कशाला?"

शाळेतल्या बाईंशी बोलून आले. पंधरा जूनला नाव घालायचं आहे. दर दुसऱ्या महिन्याला आई दवाखान्यात येईल तेव्हा भेट होईलच. आणि पुन्हा एकदा लिहिते, शंभरदा लिहीन. आईचा आजार तुझ्यामुळं झालेला नाही. तुझ्यामुळं झालेला नाही.

आत्या


टेकडवस्ती
३ जून १९८४

आत्यास नमस्कार.

आई आता झोपते. दुपारी पण झोपते. भिंतीशी कमी बोलते. परवा तिनं माझी वेणी घातली, पण घालता घालता थांबली आणि तसंच धरून बसली. मी पण तशीच बसले. पाय लई दुखले. बापू घरी आहे. चौकटीत बसून घोंगडीची लोकर कातत असतो आणि आईकडं बघत असतो. तो घरी असला की त्याचं तोंड उतरतं.

तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग. गोधडी टाकली म्हणून.

आत्या, एक विचारते, रागावू नको. तू आता लिहिलंस, माझ्यामुळं झालं नाही. दोनदा लिहिलंस. पहिल्या पत्रात तू लिहिलं होतंस, 'आवडी आली आणि आपली वहिनी गेली, ती पुरती परत आलीच नाही.' तिथं आधी 'खरं सांगायचं तर' असं आहे. आणि आईनं तुला शिकवलं होतं की कागदावर खोटं लिहायचं नाही, ते पण त्याच पत्रात आहे.

दोन्ही पत्रं मी डब्यात जपून ठेवली आहेत. दोन्ही तुझ्याच अक्षरात आहेत. मी कोणतं खरं धरू?

आवडा


गारखेडा
९ जून १९८४

आवडी,

तुझं पत्र परवा आलं. दोनदा उत्तर लिहायला घेतलं, दोन्हीदा फाडलं. फाडताना वाटलं, पहिलं पत्र असंच फाडलं असतं तर.

तुला मी खोटं सांगणार नाही. तुझा जन्म झाला आणि त्याच आठवड्यात आई आजारी पडली, हे झालं होतं. पण एकामागून एक झालं म्हणजे एकामुळं दुसरं झालं, असं नसतं. तांबडी शेळी व्याली त्या संध्याकाळी गारा पडल्या होत्या, आठवतं? तू मला भाऊबीजेला सांगितलं होतंस. त्या गारा करडानं आणल्या होत्या का? करडू तर तेव्हा उभंसुद्धा राहत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, बाळंतपणात काही बायकांना असं होतं, कुणाचंही लेकरू असतं तरी झालं असतं. मी बारा वर्षांची होते, मला वहिनी हवी होती आणि ती मिळेना. दोष द्यायला मला कुणी नव्हतं. तान्हं लेकरू तेवढं समोर होतं. तो राग माझ्या मनात दहा-अकरा वर्षं राहिला असेल, मला माहीत नव्हतं. तो त्या वाक्यात उतरला. ते अक्षर माझं आहे, पण ते खरं नाही.

पहिलं पत्र मला परत पाठव. किंवा चुलीत घाल. आणि पंधरा तारखेला ये. मी कन्नडपर्यंत घ्यायला येते. ह्यांनी एक दिवसाची रजा टाकली आहे.

आत्या


टेकडवस्ती
२१ जून १९८४

आत्यास आवडीचा नमस्कार.

तू कन्नडच्या स्टँडवर चार एसट्या बघून परत गेलीस, हे कारभारी मामा जीपवाल्यानं सांगितलं. त्याच्या हाती निरोप देणार होते. पण निरोपात काय सांगायचं ते ठरेना. बापूनं माझी पिशवी भरून दाराशी ठेवली होती. सकाळी आईनं ती रिकामी केली आणि सगळे कपडे धुवायला टाकले. बापू म्हणाला, "वाळले की जा." ते संध्याकाळपर्यंत वाळले. मी गेले नाही.

करडाचं पटलं. खरंच पटलं. मी सारजाबाईला पण सांगितलं, ती म्हणाली, बरोबर आहे. गारा करडानं आणल्या नव्हत्या. पण आत्या, तू तेव्हा इथं नव्हतीस, मी बघत होते. गारा पडल्यावर करडू शेळीला सोडून कुठं गेलं नाही. पोटाखाली शिरलं आणि तिथंच राहिलं. त्याला दुसरं काही येत नव्हतं.

तू पाठवलेली पाचवीची पुस्तकं पोचली. सर म्हणतात, चौथीच्या मागच्या रांगेत बसून वाच, मी हजेरीत धरणार नाही पण बघीन. सारजाबाई येते तेवढे दोन तास मी जाते. शाळेत मी खेळते पण, तू विचारशील म्हणून लिहिते. लंगडीत बाद होत नाही.

पहिलं पत्र पाठवत नाही. चुलीत पण घातलं नाही. त्यात आईनं तुला गेरूनं शिकवलं ते लिहिलंय ना. ते मला दुसरीकडं कुठं वाचायला मिळत नाही. माझ्या जन्माच्या ओळीवर मी शेण सारवणार होते, पण कागद फाटेल.

काल दुपारी आई कोपऱ्यातल्या ज्ञपाशी उभी राहून बघत होती. मी विचारलं, "हे काय आहे गं?" ती म्हणाली, "शेवटचं आहे. आधीची गेली." मी गेरू भिजवून आणला. तिच्या हातात दिला. तिनं घेतला. अजून काही काढलं नाही. आज पण वाटी हातात घेऊन बसलीय. मी इकडं लिहिते आणि तिकडं बघते.

घंटी हलली. उठली वाटतं. थांबते.